इंग्लंडमधली पेन्शन हलवायला सल्लागार लागतोच का?

जुना_चादरवाला:
नमस्कार. मी अशोक चौकाजवळ राहतो. लेस्टरला अकरा वर्षं कारखान्यात, मग काही वर्षं गोदामात काढली. आता सोलापुरात वडिलांचं चादरीचं दुकान बघतो. तिथे दोन पेन्शन अडकल्यात. कारखान्याची जुन्या पद्धतीची आहे: ६५ पासून मरेपर्यंत वर्षाला २,१०० पाउंड, वर महागाईप्रमाणे वाढ. आत्ता हलवली तर ४१,६०० पाउंड देतो असं पत्र आलंय. गोदामाचा नुसता साठलेला फंड आहे, १८,००० पाउंड.

मेहुण्यांच्या ओळखीचा एक जण रोज दुकानात येऊन बसतो. "सल्लागार-बिल्लागार लागत नाही, दोन सह्या करा, ५५ ला सगळे पैसे हातात." माझं वय ५१. बायको म्हणते सही करायची नाही.

सात_रस्ता:
सेबीकडे नोंदणी असलेला सल्लागार गाठा की. माझा आहे ओळखीचा.

होटगीरोडच्या_ताई:
सेबीवाला तिथे चालत नाही, दादा. आमच्या ह्यांच्या पेन्शनच्या वेळी यातून गेलेय, म्हणून सांगते.

आयुष्यभराची हमी असलेली पेन्शन सोडून फंडात जायचं आणि तिची किंमत ३०,००० पाउंडांवर असेल, तर तिथल्या एफसीएची (आपल्या सेबीसारखी तिथली देखरेख संस्था) परवानगी असलेल्या सल्लागाराचा सल्ला कायद्यानेच घ्यावा लागतो. २०१५ पासून. घेतल्याचा लेखी पुरावा पाहिल्याशिवाय योजनावाले पैसे सोडत नाहीत. तुमची ४१,६०० ची यात बसते. १८,००० च्या फंडात कसली हमी नसेल तर त्याला सक्ती नाही. दोन्हींची बेरीज करायची नसते, ह्यांनी केली होती आणि उगाच घाबरले होते.

फीची तयारी ठेवा. आम्हाला साडेतीन हजार पाउंड सांगितले, आणि सल्ला काय, तर "हलवू नका"! तेव्हा जिवावर आलं. पण पूर्वी बरेच सल्लागार हलवलं तरच फी घ्यायचे, मग "नको" कोण म्हणणार? ती पद्धत ऑक्टोबर २०२० पासून बहुतेकांसाठी बंद झाली, ते बरंच झालं.

आणि ५५ चं विसरा. ६ एप्रिल २०२८ पासून ते वय ५७ होतंय, तुम्ही त्यातच येता. त्या माणसाला एफसीएच्या यादीत शोधा. स्वतःहून येऊन घाई करणाऱ्याचा माग लागला तर २०२१ च्या नियमांनुसार योजनावाले बदलीच अडवू शकतात.

जुना_चादरवाला:
ताई, यादीत त्याचं नाव नाही. "४१,६०० चा आकडा तीन महिन्यांपुरताच आहे" म्हणून तो मागे लागला होता.

होटगीरोडच्या_ताई:
तेवढं खरं आहे त्याचं. पण मुदत गेली तर आकडा जातो, पेन्शन नाही. २,१०० तिथेच राहतात. नवा आकडा पुन्हा मागता येतो.

जुना_चादरवाला:
मग १९ तारखेला संपू दे मुदत. १८,००० च्या कागदांत हमीबिमी काही लिहिलंय का, ते रविवारी बायकोला घेऊन वाचतो. तिचं इंग्रजी बरं आहे.