प्रतिसाद: साक्षीदाराचा प्रवासखर्च

फौजदारी खटल्यात साक्षीदाराला पदरमोड करूनच यावं लागतं, असं वर म्हटलंय. कायदा तसं म्हणत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३१२, आता त्याजागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३५०: साक्षीदाराचा वाजवी खर्च सरकारने द्यावा असा आदेश न्यायालय देऊ शकतं. मेख ‘देऊ शकतं’ यातच आहे. मागितल्याशिवाय सहसा कुणी विचारत नाही. म्हणून एसटीचं तिकीट आणि समन्स जपून ठेवा, आणि कोर्टातून निघण्याआधीच सरकारी वकिलांना भत्त्याचं सांगा. तारीख पडली, साक्ष झालीच नाही, तरी मागा. कलमात हजर राहण्याचा खर्च म्हटलंय. रोजंदारीवरच्या माणसाची मजुरी बुडते, हे माझ्या मनाला फार लागतं. दिवाणी दाव्यात मात्र साक्षीदार बोलावणाऱ्या पक्षकारालाच खर्च कोर्टात भरावा लागतो.