वाफेच्या इंजिनाच्या पुढच्या टोकाला काम करणारा कपलर कसा बसवावा?

नौपाडा_यार्ड:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे एचओ मापाचे, म्हणजे १:८७ प्रमाणातले, २-८-२ चाकरचनेचे (पुढे दोन छोटी, मध्ये आठ मोठी, मागे दोन छोटी चाके) वाफेचे मॉडेल इंजिन आहे. टेंडरच्या, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या, मागे केडी कंपनीचा पाच क्रमांकाचा कपलर (डबे जोडणारा आकडा) विनासायास बसला. पुढे काऊकॅचरवर, म्हणजे इंजिनाच्या नाकाखालच्या उतरत्या जाळीवर, कारखान्यातून आलेला कपलर मात्र नुसता शोभेचा आहे. भिंतीलगतच्या फळीवर मांडलेल्या माझ्या यार्डात टर्नटेबल (इंजिनाचे तोंड वळवणारा फिरता रूळ) मावत नसल्यामुळे इंजिनाला डबे पुढच्या तोंडानेही ओढावे लागतात. कपलरची पेटी काऊकॅचरच्या मागे लावली की १८ इंच त्रिज्येच्या वळणावर पुढची छोटी चाके तिला घासतात आणि रुळावरून उतरतात. पेटी पुढे घ्यावी, की चाकांना जागा करून द्यावी?

वागळे_फिटर:
आधी उंची ठरवावी. रुळाच्या माथ्यापासून कपलरच्या मध्यापर्यंत २५/६४ इंच, म्हणजे सुमारे ९.९ मिलिमीटर अंतर हवे, आणि ते नजरेच्या अंदाजावर न सोडता केडीचा २०५ क्रमांकाचा उंची मोजण्याचा गेज रुळावर ठेवून पाहावे. उंचीत फरक राहिला तर सपाट रुळावर जोडणी टिकते, पण चढ सुरू होतो तिथे एक कपलर दुसऱ्याच्या खालून निसटतो.

जागेबाबत माझे मत असे की, पोनी ट्रकला, म्हणजे पुढच्या छोट्या चाकांच्या चौकटीला, हात लावू नये. काऊकॅचरला खाच पाडून पेटी तिच्या जाडीतच बसवावी, पेटीचे बाजूचे दोन्ही कान कापून टाकावेत आणि आखूड दांड्याचा कपलर घ्यावा, म्हणजे डोके फार पुढे येणार नाही. ते फार मागेही नको, कारण वळणावर इंजिनाचे नाक बाहेर झुकते आणि काऊकॅचर डब्याला टेकतो. म्हणून छिद्र पाडण्यापूर्वी पेटी दुहेरी चिकटपट्टीने तात्पुरती लावून, आपल्या सर्वांत तीव्र वळणावर डबा जोडून इंजिन दोन्ही दिशांना हाताने ढकलून पाहावे. नंतर १.६ मिलिमीटरच्या ड्रिलने छिद्र करून एम-२ (दोन मिलिमीटर) स्क्रूचे आटे पाडावेत. मूळ २-५६ या अमेरिकी मापाचे स्क्रू आपल्याकडे शोधण्यात वेळ जातो, एम-२ चे नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. पेटीत तेल अजिबात घालू नये, ग्राफाइटची कोरडी पूड पुरते.

कोपरखैरणे_डबलहेडर:
विजेचाही विचार करावा. अनेक इंजिनांत, विशेषतः पितळी मॉडेलांत, इंजिन एका रुळावरून आणि टेंडर दुसऱ्या रुळावरून वीज घेते, त्यामुळे दोघांचे सांगाडे विरुद्ध ध्रुवांचे असतात. अशा टेंडरच्या मागे दुसरे इंजिन जोडले आणि दोन्ही धातूचे कपलर सांगाड्याला थेट टेकलेले असले, तर जोडणी होताच शॉर्टसर्किट होते. प्लास्टिकची पेटी मधल्या खांबासह जशीच्या तशी वापरली तर स्क्रू कपलरला टेकत नाही. जागा वाचवण्यासाठी पेटी काढून कपलर थेट धातूवर स्क्रूने आवळणे म्हणूनच टाळावे.

कळवा_ब्रॉडगेज:
कपलरखाली लोंबणारी वाकडी तार पॉइंटवर (गाडी दुसऱ्या रुळावर वळवणाऱ्या सांध्यावर) अडकत असेल, तर पुढच्या टोकाची तार मी कापून टाकतो. चुंबकाने डबे सोडण्याची सोय तेवढी जाते, पण फळीवरच्या यार्डात हात पोहोचत असल्यामुळे बांबूची टोकदार काडी दोन कपलरांमध्ये घालून फिरवली की डबा सुटतो. भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूपी वर्गासारख्या, बफर (धक्का झेलणारे गोल दट्टे) असलेल्या इंजिनावर हेच काम करणाऱ्यांनी कपलरचे डोके बफरांच्या पुढे राहील असे पाहावे, नाहीतर वळणावर बफर एकमेकांत अडकतात.

नौपाडा_यार्ड:
सर्वांचे मनापासून आभार. काऊकॅचर ओतीव जस्ताचा दिसतो. त्यात आटे टिकतील का?

वागळे_फिटर:
टिकतील, मात्र टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) प्रत्येक अर्ध्या फेऱ्यानंतर उलटा फिरवून चुरा बाहेर काढावा, कारण अशा ओतीव धातूत एवढा बारीक टॅप अडकून तुटला तर तो काढताना काऊकॅचरच फुटण्याची भीती असते. भिंत दोन मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर आतून पितळेची पट्टी चिकटवून तिच्यातच आटे पाडावेत.