पोरीला सायन्सच्या खास शाळेत टाकावं का?

परभणीकर_बाप:
पोरगी सहावीत हाय, विज्ञानाची लई आवड. नातेवाईक म्हणायलेत आत्तापासूनच लातूरला फाउंडेशन क्लासला टाका. पण तिथं नीट-जेईईचेच प्रश्न सोडवून घेतात, प्रयोग कुठं असतात? फक्त विज्ञानासाठी वेगळ्या शाळा असाव्यात का? अनुभव सांगा.

गुरुजी_नांदेड:
दादा, लातूर पॅटर्ननं गरिबाघरची पोरं डॉक्टर केली, ते मोठंच काम हाय. पण परीक्षा काढणं वेगळं अन् विज्ञान शिकणं वेगळं. आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक कपाटातच कुलूपबंद असायचा, फुटंल म्हणून. बाहेर काढला, कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवला, आयोडीनचा थेंब टाकला अन् विटा रचल्यासारख्या पेशी दिसल्या तर पोरं मधल्या सुट्टीतबी उठंनात. वेगळ्या शाळेआधी प्रत्येक झेडपी शाळेत एवढं तरी पायजे.

हिंगोलीची_ताई:
सर बरोबर, पण खास शाळा पण पाहिजेतच. आमच्या औंढ्याजवळ लायगो वेधशाळा होणारे, 4 किलोमीटरच्या दोन भुजा, अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी मोजायच्या, 2023 मध्ये केंद्रानं 2600 कोटी मंजूर केले. तिथं आपली पोरं फक्त वॉचमन म्हणून लागणार का? प्रत्येक जिल्ह्यात एक निवासी, फुकट विज्ञानशाळा द्या, नवोदयसारखी, गावाकडच्या पोरांना राखीव जागा ठेवून. फी लावली की परत पैसेवाल्यांचीच पोरं.

परभणीकर_बाप:
ताई पटलं. तिला होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेला बसवता येईल का? सहावीला असते म्हणे.

गुरुजी_नांदेड:
हो, सहावी अन् नववीला. त्यात प्रात्यक्षिकबी असतं, लेखी काढली की. फॉर्म शाळेतून भरा.