उत्तर: टायगर रणगाडा पळवून नेणं इतकं सोपं नव्हतं

'शत्रूचा रणगाडा हाती लागला की चालवत न्यायचा' असं इथे कुणीतरी म्हटलंय; दुसऱ्या महायुद्धातल्या टायगर या जर्मन रणगाड्याच्या बाबतीत ते पटत नाही. धूड सुमारे ५७ टनांचं, आणि बंद पडलं तर ओढायला खुद्द जर्मनांनाच १८ टनी हाफट्रॅक (पुढे चाकं, मागे पट्टे असलेल्या ओढगाड्या) तीन-तीन जुंपावे लागत.

टायगर रेल्वेने न्यायचा मुद्दा मात्र इथे कुणी काढलाच नाही. चाकांभोवतीचे लढाईतले लोखंडी पट्टे ७२५ मिमी रुंद, ते वॅगनच्या बाहेर यायचे. म्हणून बाहेरची चाकं काढून ५२० मिमीचे अरुंद पट्टे चढवायचे, उतरल्यावर पुन्हा उलटा खटाटोप! एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात सापडलेला 'टायगर १३१' ब्रिटिशांनी इतर टायगरचे सुटे भाग लावून चालू केला. बोटीने इंग्लंडला पोचायला त्याला ऑक्टोबर उजाडला.