आंबा विक्री : आपल्या मालाबद्दल लोक कुठे काय बोलतायत ते स्वस्तात कसं कळेल? मदत हवी आहे

मंडळी, देवगडजवळ आमची घरची हापूसची कलमं आहेत. बाग बाबा आणि काका बघतात, मार्च ते मे पुण्यात पेट्या विकायचं काम माझ्याकडे, तेही नोकरी सांभाळून, म्हणजे जे काय करायचं ते रात्री जेवणं झाल्यावर. दुकान नाही, वेबसाइट नाही. इन्स्टा पेज, गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल आणि व्हॉट्सअ‍ॅपची यादी एवढ्यावर चालतं.

यंदा झालं असं की एका मोठ्या सोसायटीच्या फेसबुक ग्रुपवर कुणीतरी आमच्या पेटीतल्या कापलेल्या आंब्याचा फोटो टाकला, बाहेरून फळ एकदम देखणं आणि आत बाठीजवळचा गर पांढरट, स्पंजासारखा, म्हणजे सरळसरळ साका, पण वर लिहिलं होतं ‘देवगडच्या नावाखाली कर्नाटकचा माल गळ्यात मारला’ आणि मागे आमचा खोका स्पष्ट दिसतोय. खाली कमेंट्सचा पाऊस. मला हे कळलं कधी, तर एका जुन्या गिऱ्हाइकाने स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा, तोवर तिथल्या नेहमीच्या लोकांनी गुपचूप दुसरीकडून पेट्या घेतल्या होत्या. फोटो टाकणाऱ्या बाईंनी मला फोन केला असता तर मी दुसऱ्या दिवशी फळं बदलून दिली असती हो!

एका एजन्सीला ‘सोशल लिसनिंग’चं, म्हणजे नेटवर लोक आपल्याबद्दल काय बोलतात त्यावर लक्ष ठेवण्याचं, विचारलं. त्यांनी महिन्याचा जो आकडा सांगितला त्यात आमचे खोके, पेंढा आणि टेम्पो भागतो. मोठ्या कंपन्यांची टूल्स डॉलरमध्ये, वर वर्षाचं बिल, आमचा धंदा तीन महिन्यांचा. माझी ऐपत सीझनपुरती महिना दोनेक हजार. एवढ्यात काय होऊ शकतं? शिवाय आमचं नाव म्हणजे आडनाव आणि पुढे ‘आंबेवाले’, ते शोधलं की अर्ध्या कोकणातले भाऊबंद निघतात. कुणी केलंय का असं काही? जाणकारांनी सांगा प्लीज.

कट्टेकरी : गूगल अलर्ट्स लावलंत का? दिलेला शब्द गूगलला नेटवर नव्याने दिसला की मेल येतो, फुकट आहे. नाव अवतरणचिन्हांत टाका, देवनागरीत एक आणि रोमनमध्ये लोक जितक्या तऱ्हेने लिहितात तितके वेगळे. भाषा ‘कोणतीही’ आणि ‘फक्त उत्तम निकाल’च्या जागी ‘सगळे निकाल’ निवडा, नाहीतर निम्मं गाळतं. भाऊबंदांची नावं वजा चिन्ह लावून काढून टाका. पण आधीच सांगतो, फेसबुक ग्रुपच्या आतलं त्याला दिसत नाही, त्यामुळे तुमचा तो फोटो यात सापडलाच नसता.

रात्रपाळी : रेडिट या चर्चेच्या साइटसाठी एफफाइव्हबॉट आहे, तेही फुकट. शब्द देऊन ठेवायचा, कुणी लिहिला की मेल येतो. पुण्याच्या सबरेडिटवर (म्हणजे तिथल्या पुण्याच्या कट्ट्यावर) सीझनला ‘खात्रीचा हापूस कुठे मिळेल’ असे धागे निघतात. खरं तर मी म्हणेन स्वतःच्या नावापेक्षा तो प्रश्न ऐका. तुमचं नाव घेणारे मूठभर, आंबा शोधणारे ढीगभर. फक्त तिथे खोट्या आयडीने ‘आमच्याकडे घ्या’ करू नका, लोक तासाभरात ओळखतात आणि मग धुतात.

बागायतदाराची सून : आमची बाग रत्नागिरीकडे आहे म्हणून लिहिते. सोसायटीचे ग्रुप बंद असतात, व्हॉट्सअ‍ॅपचं तर कुठल्याच टूलला दिसत नाही, तेव्हा तिथे माणूसच लागतो. आम्ही प्रत्येक सोसायटीत एक नेहमीचं घर धरलंय, त्यांना सीझनची पहिली पेटी घरपोच, आणि ग्रुपवर आंब्याचा विषय निघाला की एक स्क्रीनशॉट पाठवा एवढंच सांगितलंय. चांगलंच लिहा असं मात्र कधी सांगायचं नाही. पेटीच्या बदल्यात गूगलवर रिव्ह्यू तर अजिबात मागू नका, त्यांच्या नियमात बसत नाही.

दुसरं म्हणजे खोक्यावर तोडणीची तारीख आणि कलमाचा नंबर घालता का? नसाल तर आधी ते करा. नुसतं ऐकून काय करणार, तक्रार कुठल्या तोडीतली तेच कळलं नाही तर? आम्ही साध्या गूगल शीटमध्ये लिहितो, तारीख, कुठे बोलले, काय बोलले, कुठली तोड. एका वर्षी साक्याच्या सगळ्या तक्रारी कातळावरच्या दोनच कलमांच्या निघाल्या, शेवटच्या तोडीतल्या. जमीन तापते आणि फळ झाडावर जास्त राहिलं की साका वाढतो, म्हणून चौदा आणे तयार झालं की, म्हणजे पूर्ण तयार व्हायच्या जरा आधीच, उतरवायचं, हे सासरे आधीपासून सांगत होते, शीट बघितल्यावर बाकीच्यांनी ऐकलं.

धागाकर्ता : ताई, तारीख घालतो पण कलमाचा नंबर नाही, काकांशी बोलतो. आता एकच अडलंय, फोटो दिसला की तिथे उत्तर काय द्यायचं? ‘साका बाहेरून दिसत नाही’ म्हटलं तर लोकांना ती सबब वाटते.

बागायतदाराची सून : वाटणारच. आधी फळं बदलून द्या, मग त्याच धाग्यात दोन ओळी लिहा : हा साका आहे, हापूसमध्ये होतो, कापल्याशिवाय कळत नाही, फळं बदलून दिली. बस. आणि कर्नाटकचा आरोप असेल तर तुम्ही देवगडच्या आंबा उत्पादक संस्थेचं २०२५ पासूनचं युनिक कोडवालं स्टिकर लावत असाल तर तो कोड तपासायला सांगा, वाद घालू नका. आम्हा रत्नागिरीवाल्यांना ते स्टिकर नाही :)

रात्रपाळी : आणि नावाबरोबर ‘साका’, ‘फसवणूक’, ‘कर्नाटक’ यातला एकेक शब्द घालून वेगळे अलर्टही लावा. रोज रात्री पंधरा मिनिटं, बाकी जून ते फेब्रुवारी सगळं बंद ठेवा, काही बिघडत नाही. मोबाइलवर ग्रुप वाचून पोस्टी गोळा करणारे रेडीमेड बॉट कुणी विकायला आलं तर घेऊ नका, फेसबुक अकाउंटच जाऊ शकतं आणि मग पेजही हातातून जाईल.

कट्टेकरी : विषयांतर, पण पायरी असते का तुमच्याकडे? असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, दोन पेट्या हव्यात.