दिव्यासाठी तलाव उपसू नका

काका, तुमच्या टिळकवाडीच्या बंगल्यातल्या पोहण्याच्या तलावाचा आतला दिवा बदलायला सगळं पाणी काढावं लागेल, असं वर एकांनी लिहिलंय. कृपा करून काढू नका. आपल्याकडं पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं. तलाव रिकामा केला की खालच्या दाबानं तळ उचलतो, तडेही जातात.

आधी मेन बंद करा. भिंतीतल्या कोनाड्यात बसवलेला दिवा असेल तर साधारण वरचा एकच स्क्रू असतो. तो काढला की दिवा सुटतो आणि मागं गुंडाळून ठेवलेली वायर उलगडत काठावर येतो. खानापूरला दाजींच्या फार्महाऊसवर मी तसंच केलं. काच उघडली तर आत चमचाभर पाणी आणि रबरी रिंग पापडासारखी कडक! रिंग दर वेळी नवीनच घाला.

जुना हॅलोजन 12 व्होल्टवर 300 वॅटचा असेल तर 25 अँपिअर ओढतो, 18 वॅटचा एलईडी फक्त दीड. पण हे 12 व्होल्ट देणारा जुना ट्रान्सफॉर्मर इलेक्ट्रॉनिक असेल तर इतक्या कमी लोडवर दिवा मिचमिचतो. तारेच्या वाइंडिंगचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मेनची वीज दिव्याच्या वायरीपासून वेगळी ठेवणारा, घ्या.

आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळाली की लगेच सप्लाय तोडणारा स्विच) लावल्याशिवाय नातवंडांना पाण्यात सोडू नका की ओ. वायरीचा जोड पाण्याखाली कधीच नको, पाण्याच्या पातळीच्या वर डबीतच घ्या. इलेक्ट्रिशियन "चालतंय की" म्हणाला तरी ऐकू नका.