हद्दीवर संपणारा ग्रामीण रस्ता: दुरुस्तीचा निधी कुठून मागायचा? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

दूधगंगाकाठ: शिरोळ तालुक्यातला, कर्नाटक हद्दीपर्यंत जाणारा अडीच किमी डांबरी रस्ता. ऊसवाहतुकीने कडा तुटल्यात. शेवटचे 400 मीटर 'आमच्याकडे नाहीत' असं दोन्हीकडचे अभियंते सांगतात. अर्ज कुणाकडे करायचा? ग्रामपंचायतीने वित्त आयोगातून केलं तर चालेल?

टेबल क्र. 3: आधी रस्त्याचा क्रमांक काढा. ग्रा.मा. (ग्रामीण मार्ग) किंवा इ.जि.मा. (इतर जिल्हा मार्ग) असेल तर जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग, प्र.जि.मा. (प्रमुख जिल्हा मार्ग) असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग. क्रमांकच नसेल तर कुठलंही लेखाशीर्ष (सरकारी खर्चाचं खातं) लागत नाही, पहिला ठराव रस्ता नोंदवण्याचा करा. दुरुस्ती 3054 या शीर्षातून, सुधारणा-रुंदीकरण 5054 मधून. अर्जात 'दुरुस्ती व रुंदीकरण' असं एकत्र लिहिलं की फाइल परत येते. आमदारांच्या शिफारशीने 2515 मधूनही होतं, पण ते तुकड्यातुकड्यांत. पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021-26) निधीतला 60 टक्के बंधित, म्हणजे फक्त पाणी-स्वच्छतेसाठीच. उरलेल्या अबंधितात फार तर खड्डे बुजतील.

साइटवाला: पैसा कुठूनही आणा, अंदाजपत्रकात गटार नसेल तर तो वाया जाणार. काळी माती भिजली की सीबीआर (मातीची भार पेलण्याची क्षमता) 2-3 टक्क्यांवर येतो. मग भरलेली ट्रॉली कड दाबते आणि डांबर सुटतं. वरून 20 मिमी कार्पेट (डांबरी थर) टाकून काही होत नाही. आधी कडेची माती काढून मुरूम भरा, दाबा. रस्त्याला मधून 2.5 ते 3 टक्के उतार, साइडपट्टीला त्याहून 1 टक्का जास्त. खड्डा चौकोनी, उभ्या कडांचा कापा, धूळ काढून टॅककोट (थर चिकटवणारा पातळ डांबराचा हात) मारा. 1 मी. × 1 मी. × 5 सेंमी खड्ड्याला साधारण 115 किलो माल लागतो. ब्रासच्या अंदाजाने मागवला की हमखास कमी पडतो.

सीमावासी: हद्दीचं कोडं भूमी अभिलेखच्या नकाशावर सुटतं. तालुका कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीची साखळी (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) लिहून घ्या. पलीकडे ग्रामीण रस्ते पंचायत राज अभियांत्रिकी खात्याकडे असतात, अर्ज कन्नडमध्ये द्या (तिथे भाषेचा वाद घालून खड्डा बुजत नाही). दोन्ही राज्यांच्या दरसूच्या वेगळ्या, म्हणून अंदाजपत्रकंही दोन. मंजुरी मात्र एकाच वर्षी मागा. नाहीतर सांध्यापाशी पाणी शिरून नवीन बाजूही फुटते.

दूधगंगाकाठ: रस्त्यावर प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेचा फलक सापडला. लांबी 2.100 किमी, काम पूर्ण होऊन चार वर्षं झालीत.

टेबल क्र. 3: मग तुमचे 400 मीटर तिथेच सापडले, ते मुळात योजनेत नव्हतेच. 2.100 पर्यंत पाच वर्षं दोषदायित्व (बिघाड दुरुस्त करायची जबाबदारी) ठेकेदारावर. 3054 चा प्रस्ताव तेवढ्यापुरता थांबवा. 'मेरी सडक' या योजनेच्या तक्रार ॲपवर फोटोसह तक्रार टाका आणि मुदत संपायच्या आत कार्यकारी अभियंत्यांना संयुक्त पाहणीचं पत्र द्या, पोच घ्या. ठेकेदाराची देखभालीची बिलं ई-मार्ग या ऑनलाइन प्रणालीवर तपासणीनंतरच निघतात, त्यामुळे तक्रार नोंदलेली असली की फरक पडतो. उरलेल्या 400 मीटरचा प्रस्ताव वेगळा, हद्दीच्या मोजणीची प्रत जोडून.